माठ आणि माणूस

(नरडाणा येथे प्रौढ वाचन वर्गापुढे केलेले भाषण)



आखाजी जवळ आली. लेकी माहेरी येतील. झाडांना झोके बांधले जातील. घरोघरी नवी घागर भरून पुजली जाईल. आपला हा मोठा सण येतो तो ऐन उन्हाळ्यात. धुळे, जळगाव, भुसावळ, कुठेही जा, वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून आज आम्ही उन्हाविषयी चार शब्द सांगणार आहोत.

रेडिओवर उन्हाचा आकडा सांगतात, तो सावलीतला असतो बरं का! हवामान खात्याचे मोजमाप पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेले असते. त्यात वारा येतो, पण ऊन येत नाही. नांगरलेल्या काळ्या रानात उभ्या असलेल्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त सोसावे लागते.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, आमचा जन्म उन्हात गेला. आम्हाला काय होतं?" पुष्कळ जण असेच म्हणतात. पण देहाला हद्द असते. ती कळावी म्हणून घरातला माठ डोळ्यांपुढे आणा. शाळेत मंद पोराला माठ म्हणतात, तो नव्हे. पाण्याचा माठ!

माठातले पाणी गार का होते? माठाला बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते. बाहेरचे पाणी वाऱ्याने सुकते आणि सुकताना माठाची उष्णता घेऊन जाते. स्टीलच्या हंड्यात पाणी ठेवले तर ते तसे गार होत नाही, कारण हंडा पाझरत नाही.

आपला देहही तसाच आहे. कातडीला बारीक छिद्रे आहेत. त्यांतून घाम येतो. घाम सुकतो आणि अंग गार राहते. बाहेर ४५ अंश असले तरी आतले अंग ३७ अंशांच्या आसपास राहते, ते या घामामुळे. घाम हा त्रास नव्हे. घाम हे देहाचे औषध आहे.

आता माठाला काय काय लागते ते पाहा.

पहिली गोष्ट, माठ भरलेला हवा. कोरडा माठ गार होत नाही. उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरही पाणी घामावाटे जाते. ते परत भरले पाहिजे. तहान लागायची वाट पाहू नका. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. एकदम तांब्याभर पिऊ नका. घामाबरोबर मीठही जाते. म्हणून मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, भाकरीबरोबर कांदा ही आपली जुनी खाणी-पिणी चांगली आहेत. खिशात कांदा ठेवल्याने मात्र ऊन टळत नाही. कांदा पोटात गेलेला बरा! ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचे दुखणे आहे, त्यांनी मीठ आणि पाणी किती घ्यावे ते डॉक्टरांना विचारावे. आणि दारू? दारू देहातले पाणी काढून टाकते. उन्हाळ्यात ती दुहेरी वैरी आहे.

येथे बायांविषयी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. कामावर आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. मालकाला वाटते, हिला तहान कमी लागते. तहान कमी नसते, लाज आडवी येते. जेथे बाया कामाला आहेत तेथे आडोसा केला पाहिजे. चार बांबू आणि गोणपाट एवढाच खर्च आहे. त्यावर एका माउलीचा जीव अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट, माठाला वारा हवा. माठाला प्लॅस्टिक गुंडाळले तर तो गार होईल का? मग अंगाला चिकटणारा नायलॉनचा सदरा उन्हात कशाला घालता? सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घाला. डोक्याला पागोटे, टोपी किंवा ओला रुमाल बांधा. वाळवंटातले लोक एवढ्या उन्हात अंग उघडे टाकत नाहीत. ते सैल कपड्यांनी झाकून घेतात. त्यात शहाणपण आहे.

आणखी एक. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. हवेत ओल असते, म्हणून पाझर सुकत नाही. देहाचेही तेच. नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. हजारो लोक तासन् तास उन्हात बसले होते. त्यांतले १४ जण उष्माघाताने गेले. तेथे पारा आपल्या खानदेशाइतका चढलेला नव्हता, पण समुद्रकाठची हवा दमट असते. म्हणून नुसता आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

तिसरी गोष्ट, माठ सावलीत हवा. दुपारी बारा ते तीन रानातले काम बंद ठेवा. पहाटे लवकर जा, उन्हे कलल्यावर पुन्हा जा. उन्हाळ्यात शाळा सकाळची करतात ती याच कारणाने. मग शेताची शाळा सकाळची का नसावी? लग्नाच्या वराती तर भर दुपारी काढूच नका. नवरदेव घोड्यावर, आणि वाजंत्री वाजवणारी गरीब पोरे डांबरी सडकेवर!

घराचेही ऐका. आपली जुनी धाब्याची घरे मातीच्या जाड छताची. ऊन आत यायला वेळ लागे. आता पत्रे आले. पत्रा लवकर तापतो आणि घराची भट्टी होते. त्यात चूल पेटवून बाई भाकरी भाजते. पत्र्यावर बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्या, किंवा पऱ्हाट्या अंथरून दोरीने बांधा. पऱ्हाट्या टाकल्या तर चुलीची ठिणगी वर जाऊ देऊ नका. स्वयंपाक सकाळी लवकर आटपा. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि गरोदर बाया यांना घरातल्या सर्वांत गार जागी ठेवा.

आता सवयीचे. उन्हाची सवय होते हे खरे, पण तिला आठवडा-दोन आठवडे लागतात. आपल्याकडे आखाजीला सालदाराचे नवे साल सुरू होते. नवा गडी पहिल्या दिवशी आपला कस दाखवायला जातो. मालकही पाहत असतो. हेच दिवस धोक्याचे! नव्या माणसाला पहिल्या दिवशी थोडे काम द्या. मग रोज थोडे वाढवा.

एवढे करूनही ऊन लागले तर? आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पायांत गोळे येतात. अशा माणसाला लगेच सावलीत बसवा आणि पाणी पाजा. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा, हे पाणी उत्तम.

पण माणूस बरळू लागला, ओळख विसरला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अंगात १०४ किंवा त्याहून जास्त ताप असतो. घाम थांबायची वाट पाहू नका. कष्टकऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. डोके ताळ्यावर नाही, हीच खरी खूण.

तेव्हा काय करायचे? कुणी म्हणेल, "जरा पडू द्या, उठेल." कुणी तापाची गोळी देईल. ही गोळी येथे काम करत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. एकाने १०८ नंबर फिरवावा. बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत आणि डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओतावे. विहिरीचे, नळाचे, हाती असेल ते. वारा घालत राहावे. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावावा. म्हणजे काय केले? पाझरणे जमेना झालेल्या माठाला बाहेरून भिजवले. गाडी येईपर्यंत थांबू नका. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो.

आपल्या भागातून पुष्कळ लोक पोटासाठी गुजरातेत जातात. तेथल्या अहमदाबाद शहराची गोष्ट ऐका. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६ च्या वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर माणसे जास्त मेली. यांतल्या पुष्कळांच्या मरणाला उन्हाचे नावही लागले नव्हते. इतर वर्षांशी हिशेब ताडून पाहिला, तेव्हा ते कळले. मग २०१३ साली शहराने बेत आखला. ऊन वाढणार असेल तर आधी लोकांना कळवायचे, जागोजाग पाणी ठेवायचे, दवाखान्यांना तयार ठेवायचे. पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंगही दिला. अभ्यासकांच्या अंदाजाने त्या बेतामुळे वर्षाला हजाराच्या वर जीव वाचले.

शहराने केले ते गावाला का जमू नये? गावाची दवंडी आहे, देवळाचा भोंगा आहे, तुमच्या हातात फोन आहेत. उद्या ऊन फार आहे, हे सर्वांना कळवा. एस.टी.च्या थांब्यावर आणि स्टेशनावर पाण्याचे रांजण भरा. एकटी राहणारी म्हातारी दुपारी कशी आहे, हे शेजाऱ्याने दार ठोठावून पाहावे.

मंडळी, ऊन आपल्या हातात नाही. पण दुपारची सुट्टी मालकाच्या हातात आहे. आडोसा गावाच्या हातात आहे. पाण्याचा पेला आपल्या हातात आहे. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. ती जरूर भरा. तशीच एक घागर जिवंत माणसासाठी भरून बांधावर सावलीत ठेवा. त्या पाण्याने सालदाराची तहान भागेल, आणि पितरही संतोष पावतील.