प्रकाशाची आज्ञा



पारनेरसारख्या पर्जन्यछायेंतील मुलखांत पावसाचा भरंवसा नसतो. म्हणून शेतीच्या जोडीला कोंबड्या पाळणें अनेकांना सोयीचें वाटतें. मार्गशीर्षांत दिवस लहान झाला कीं कोंबड्यांचें अंडीं घालणें मंदावतें. जाणता पाळणारा अशा वेळीं खुराड्यांत दिवा लावून चौदा ते सोळा तासांचा दिवस करितो, आणि अंडीं पुन्हा मिळूं लागतात.

ह्या साध्या युक्तीमागें मोठें शास्त्र आहे. पक्ष्याच्या पातळ कवटींतून प्रकाश आंत झिरपतो व मेंदूच्या तळाशीं असलेल्या कांहीं पेशींना तो थेट कळतो. त्यांच्या इशाऱ्यानें ग्रंथी आपले स्राव रक्तांत सोडतात. बेन्वा ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९३५ च्या सुमारास बदकांवर प्रयोग करून हें दाखविलें.

परंतु ज्या पेशीला प्रकाश मुळींच कळत नाहीं, तिला तो कळेल असें करतां येईल काय? ह्याचें उत्तर डबक्यांतील शेवाळानें दिलें. हिरवट पाण्यांतील एक एकपेशी शैवल उजेडाची दिशा ओळखून पोहतें. त्याच्या अंगीं एक प्रथिन असतें. तें म्हणजे जणूं पेशीचें दार. निळा किरण पडतांच दार उघडतें व विद्युद्भारित कण आंत शिरतात. हेगेमान, नागेल व बाम्बर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं २००२-०३ सालीं हें कार्य उकलून दाखविलें. २००५ सालीं अमेरिकेंत बॉयडेन व डायसेरॉथ ह्यांनीं, ह्या जर्मन शास्त्रज्ञांपैकीं दोघांच्या सहकार्यानें, त्या प्रथिनाचें जनुक मज्जापेशींत घातलें. तेव्हां त्या पेशी प्रकाशाच्या तालावर संदेश पाठवूं लागल्या. पुढें बारीक काचतंतूनें जिवंत उंदराच्या मेंदूंत प्रकाश नेऊन, हव्या त्याच पेशी जागविणें साधलें.

ह्याचें फळ २०२१ सालीं मनुष्याच्या पदरीं पडलें. नेत्रपटलाच्या रोगानें अंध झालेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या डोळ्यांत शैवलापासून मिळालेलें असेंच एक जनुक घालण्यांत आलें. कित्येक महिन्यांच्या सरावानंतर, खास चष्मा लावून, त्यास मेजावरील वस्तू शोधतां व मोजतां आल्या. चेहरे ओळखण्याइतकी ही दृष्टि नव्हे. परंतु ज्याला मेजावरची वही दिसत नव्हती, त्याचा हात आतां तिच्यापर्यंत अचूक पोंचला.

दुसऱ्या जिवाच्या पेशींना आज्ञा करण्याचें सामर्थ्य मात्र जपूनच वापरलें पाहिजे. खुराड्यांतला दिवा रात्रभर जळत ठेवल्यास कोंबडीला विसांवा मिळत नाहीं, हें पाळणारा जाणतो. दिवा केव्हां लावावा ह्याइतकेंच तो केव्हां मालवावा, हेंही शास्त्रानें शिकावयाचें आहे.