दापोलीच्या सहलीत काय पाहावे?

(शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळी सहलीसाठी आपण दापोली तालुका निवडीत आहात, याचा मला आनंद आहे. मात्र अशा सहलीचा जो आराखडा बहुधा ठरून गेलेला असतो, त्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दुपारी आसूदचा केशवराज, सायंकाळी मुरूडची पुळण आणि वाटेत हर्णैच्या किनाऱ्यावरून बोट दाखवून ‘तो पाहा सुवर्णदुर्ग’ असे सांगणे! एका दिवसात पाच-सहा स्थळे ‘होतात’. मुलांच्या पदरी पडते ती धावपळ. माझी सूचना अशी की, दोन दिवसांत तीनच ठिकाणे पाहावीत, पण ती सावकाश पाहावीत.

पहिला दिवस पन्हाळेकाजीला द्यावा. कोटजाई नदीच्या काठी एकोणतीस लेण्यांचा हा समूह आहे. सर्वांत जुने खोदकाम इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास झाले, आणि पुढे चौदाव्या शतकापर्यंत येथे छिन्नीचे काम अधूनमधून चालूच राहिले. प्रथम हीनयान पंथाचे बौद्ध भिक्षू आले, त्यानंतर वज्रयानी आले. दहाव्या लेण्यातील महाचंडरोषणाची मूर्ती ही त्यांचीच खूण होय. शिलाहारांच्या काळात शैव व गाणपत्य उपासकांनी त्याच कड्यात आपली दैवते स्थापिली, आणि अखेरीस नाथपंथीय आले. मुख्य समूहापासून बाजूला असलेल्या ‘गौर लेण्या’त नाथसिद्धांची रांगच्या रांग कोरलेली आहे. एकाच कड्यावर एक हजार वर्षांचा धर्मेतिहास वाचावयास मिळावा, असे स्थान कोकणात दुसरे क्वचितच असेल.

शिलाहारांचा ११३९ चा एक ताम्रपट याच गावी मिळाला. त्यामुळे ‘प्रणालक’ हे प्राचीन नगर म्हणजेच आजचे पन्हाळे, हे ओळखता आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे महासंचालक राहिलेले म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास करून १९८६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. सहलीपूर्वी शिक्षकाने तरी तो चाळलेला असावा. लेण्यात गेल्यावर मूर्ती स्पष्ट दिसावी म्हणून तिला खडू फासणे, पाणी लावणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. शतकानुशतके पाऊस सोसलेला दगड असल्या उत्साहाने मात्र लवकर झिजतो. मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि प्रत्येकाने एकच मूर्ती काढावी, असे सांगावे. अर्धा तास एका मूर्तीपुढे बसलेले मूल ती सहसा विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्णै. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून पाहून समाधान मानू नये. मचव्याने पलीकडे जावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात समुद्र खवळू लागतो, म्हणून सहल त्यापूर्वी काढावी, भरती-ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमार बांधवांना विचारावी आणि तरंगजाकिटांवाचून एकाही मुलास मचव्यात चढवू नये. किल्ल्यात सावली थोडी आहे आणि परतण्याची घाई नावाड्यास असते, हेही ध्यानात असू द्यावे. किनाऱ्यावरील कनकदुर्ग, फत्तेदुर्ग व गोवा किल्ला ही त्याची पाठराखण करणारी ठाणी. एका जलदुर्गासाठी भूमीवर तीन किल्ले कशाला, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा; उत्तरे मोठी गमतीची येतात.

कान्होजी आंग्रे यांच्या पराक्रमाचा उदय याच दुर्गाशी निगडित आहे. परंतु तेथे थांबून १७५५ ची कथाही सांगितली पाहिजे. त्या वर्षी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि कमोडोर विल्यम जेम्स याच्या तोफांपुढे सुवर्णदुर्ग पडला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. आपल्या घरच्या भांडणात परक्याने समुद्र जिंकला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. तटाच्या सावलीत ती निराळीच भासते. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या एका टेकडीवर मनोरा उभारला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! तो आजही उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सुवर्णदुर्गाचा समावेश झाला. आता येथे गर्दी वाढणार हे उघड आहे. गर्दी अर्थातच वाईट नव्हे. तिच्याबरोबर प्लॅस्टिक येते ते वाईट. नेलेला डबा आणि बाटली परत आणणे, हा सहलीचा लेखी नियमच असावा.

तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द दापोली. येथे तट नाही, बुरूज नाही. म्हणून प्रवासी येथे फक्त मुक्काम करतात. परंतु ‘कॅम्प दापोली’ हे जुने नाव इंग्रजांच्या लष्करी छावणीचे आहे, आणि त्या छावणीमुळे येथे निवृत्त सैनिकांची वस्ती झाली. त्यांतीलच एक गोपाळ बाबा वलंगकर. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेस शास्त्राधार कोणता, असे जाहीरपणे विचारले. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ येथे राहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणीचे ते दिवस होत. महर्षी कर्वे यांचे मुरूड आणि साने गुरुजींचे पालगड हीही याच तालुक्यात. साने गुरुजी दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले. त्यांच्याही आधी भारतरत्न पां. वा. काणे त्याच शाळेचे विद्यार्थी होते.

संध्याकाळी मुलांना या गावातून पायीच हिंडवावे. वाटेत एखादे वृद्ध गृहस्थ ओटीवर बसलेले दिसले, तर मुलांनाच पुढे करून ‘आजोबा, येथे पूर्वी काय होते?’ असे विचारू द्यावे. समुद्रस्नानाचा हट्ट मुले धरतीलच. तो तिसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या गाडीपूर्वी पुरवावा.