कळवळ्याच्या पुढचं शिक्षण



बक्षिसं वाटून झाली आहेत, आता तुमचे कार्यक्रम सुरू होतील, आणि परीक्षा संपली की तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली 'पुढं काय?' या प्रश्नाशी येऊन उभी राहतील. स्पर्धा परीक्षा, एम.ए., एम.बी.ए., बँक अशी त्या प्रश्नाची ठरलेली उत्तरं आहेत. विशेष शिक्षणातली बी.एड. पदवी, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याची पदवी, बहुतेकांच्या खिजगणतीतही नसते. कुणी घरी विषय काढलाच तर दोन प्रतिक्रिया येतात. 'किती पुण्याचं काम!' ही एक, आणि 'का, दुसरीकडे नंबर लागला नाही वाटतं?' ही दुसरी. वरवर या प्रतिक्रिया एकमेकींच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. या कामात शिकण्यासारखं काही नाही, मायाळू स्वभाव असला की भागतं, असं दोघांनाही वाटत असतं. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचं नुकसान सर्वांत जास्त त्या मुलांना सोसावं लागतं. विशेष शिक्षण ही एक ज्ञानशाखा आहे. ती निवडायची तर ज्ञानशाखेसारखी पारखून निवडा, हे सांगायला मी आज उभा आहे.

त्या ज्ञानाचं स्वरूप एका साध्या उदाहरणातून दाखवतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं आहे. माया असलेला माणूस काय करतो? दोन-चारदा दाखवतो आणि मुलाला जमलं नाही की स्वतः लावून देतो. शिकलेला शिक्षक आधी त्या कृतीची फोड करतो. काजाची कड एका हाताच्या चिमटीत धरणं, दुसऱ्या हातात बटणाची कड पकडणं, बटण काजात तिरकं घालणं, पलीकडून निघालेली कड पकडणं, ओढणं. मग तो शेवटाकडून सुरुवात करतो. आधीच्या सगळ्या पायऱ्या स्वतः करून देतो आणि फक्त शेवटचं ओढणं मुलावर सोडतो. त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाचा शेवट मुलाच्या हातून, बटण लागूनच होतो. ते पक्कं झालं की एक पायरी मागं. आधी हाताला हात धरून मदत, मग नुसती खूण, मग नुसता शब्द, आणि अखेर तोही नाही. हे सगळं त्या मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहिलेलं असतं: अमुक महिन्यापर्यंत, दहापैकी आठ वेळा, मदतीशिवाय. प्रगती मोजली जाते, आणि ती झाली नाही तर पद्धत बदलली जाते. यात माया नाही असं कुणी म्हणू नये, पण नुसत्या मायेनं बटण दुसऱ्यानंच लावलं असतं, आणि मुलगा वीस वर्षांचा झाला तरी दुसराच लावत राहिला असता.

आता दृष्टिहीन मुलांच्या वर्गात जाऊ. ब्रेलच्या पाटीवर कागदाला मागून टोचून अक्षरं काढतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. मराठी ब्रेलमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नव्हे, नंतर येते, आणि जोडाक्षरात हलन्ताची खूण अक्षरांच्या आधी येते. डोळ्यांनी देवनागरी वाचणाऱ्या शिक्षकाला हे मुद्दाम शिकावं लागतं, तेव्हाच मुलाची चूक खरी चूक आहे की आपल्या समजुतीतली, हे त्याला कळतं. कर्णबधिर मुलांच्या शिक्षकाचं शास्त्र पुन्हा निराळं. तिथं मुद्दा भाषेचाच आहे: पहिल्या काही वर्षांत त्या मुलाला कुठलीही पूर्ण भाषा, खुणांची किंवा बोलीची, मिळाली नाही तर पुढचं सगळं शिक्षण डळमळतं. आणि वाचन-अक्षमता असलेलं मूल तर तुमच्या-आमच्या वर्गात बसलेलं असतं, हुशार असतं, पण 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांत अडखळतं आणि आळशी ठरतं. म्हणूनच या पदवीत विशेष विषय निवडावा लागतो. जागा शिल्लक आहे म्हणून तो निवडू नका. पुढची तीस वर्षं कोणत्या मुलांबरोबर काढायची, हे तुम्ही तिथं ठरवत असता.

पदवी कुठून घ्यायची, याची पहिली कसोटी कायद्यानंच घालून दिली आहे. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार विशेष शिक्षकाला परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीशिवाय हे काम करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. ही नोंदणी परिषदेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमावरच मिळते. तेव्हा माहितीपत्रकातला देखणा फोटो बाजूला ठेवा आणि त्या संस्थेला, त्याच विशेष विषयासाठी, त्याच वर्षी मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. पण मान्यता ही किमान अट झाली. मी सर्वांत जास्त वजन सरावाला देईन. महाविद्यालयाला जोडलेली शाळा किंवा केंद्र आहे का, तुम्ही किती तास प्रत्यक्ष मुलांबरोबर असणार, आणि तुमचा पाठ चालू असताना जाणकार शिक्षक वर्गात बसून तो तपासणार का, हे विचारा. आपल्याकडे शिकायला ठिकाणं आहेत: मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे, नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं वाट काढली आहे. दूरस्थ शिक्षणाला मी नाकं मुरडणार नाही. तालुक्याच्या गावी नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांना तीच वाट परवडते. मात्र तिथंही सरावाचे तास सहीपुरते उरकले जात असतील, तर पदवी हातात येईल आणि बटण लावायला शिकवता येणार नाही.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो विचार करून घेतलेला असतो. आता सर्वसमावेशक शिक्षणाचं धोरण आहे, दिव्यांग मुलं नेहमीच्याच शाळेत जाणार, मग विशेष शिक्षक हवेत कशाला? २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि दिव्यांगत्वाचं ठरावीक प्रमाण असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. बारकाईनं पाहिलं तर या बदलानं विशेष शिक्षकाचं काम वाढलं आहे. विशेष शाळेत मुलं एका ठिकाणी होती, आता ती गावोगावच्या शाळांत विखुरली आहेत. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल श्रवणयंत्र लावून बसलेलं असतं आणि बाई फळ्याकडं तोंड करून बोलत असतात, तेव्हा ते मूल वर्गात असूनही वर्गाबाहेरच असतं. बाईंचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगणारा, मुलासाठी साहित्य बदलून देणारा, पालकांशी बोलणारा माणूस हवा, म्हणून तर २०२२ साली केंद्रानं पहिली ते पाचवीत दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. मुलाला नुसतं पटावर घेणं म्हणजे समावेशन, असा सोयीचा अर्थ काही ठिकाणी लावला जातो आहे. मला त्याचा राग येतो.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. नोकरी कायमची मिळेल का? पगार पुरेल का? या राज्यात अनेक विशेष शिक्षकांनी कंत्राटी मानधनावर वर्षानुवर्षं काम केलं, हे सत्य लपवून मी तुम्हाला या वाटेवर ढकलणार नाही. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायमस्वरूपी पदं निर्माण करण्याचे निर्देश दिले, २०२४मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं शाळासमूहांच्या केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मंजुरी दिली, आणि २०२५मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा एकदा मंजूर पदांची संख्या जाहीर करायला सांगावं लागलं. म्हणजे दिशा ठीक आहे, वेग ठीक नाही. पद मंजूर होणं आणि त्यावर माणूस नेमला जाणं यांत किती अंतर असतं, ते इथल्या प्राध्यापकांना मी सांगायला नको. पण कंत्राटाची ही प्रथा इतकी वर्षं खपली कशी? इथं 'पुण्याचं काम' हे कौतुक मला खुपतं. काम पुण्याचं ठरलं की मोबदला मागणारा हावरा दिसतो. शल्यविशारदाला कुणी 'तुम्ही किती सहनशील आहात' असं म्हणून अर्ध्या फीवर बोळवत नाही, कारण त्याच्या हातातलं कसब सगळ्यांना मान्य आहे. विशेष शिक्षकाचं कसब जेव्हा तसंच मान्य होईल, तेव्हा त्याचा पगारही मान्य होईल. ते मान्य करून घ्यायला हातात कसब असलेली माणसं या क्षेत्रात यावी लागतील. अर्धवट प्रशिक्षित माणसं येत राहिली, तर मानधन देणाऱ्यांचंच म्हणणं खरं ठरेल.

महाराष्ट्राला या कामात नव्यानं पाऊल टाकायचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा होती. पुढं ताडदेवला अंध मुलांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी मुंबईत जय वकील, पुण्यात कामायनी, नाशिकला प्रबोधिनी विद्यामंदिर उभी राहिली. त्यांतल्या बहुतेक संस्था लोकांच्या जिद्दीवर उभ्या राहिल्या. त्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे, पण पुढचं काम जिद्दीवर सोडून चालणार नाही, कारण ही मुलं आता गावोगावच्या शाळांच्या पटावर आहेत.

ज्यांच्या मनात हा विषय थोडाही आला असेल, त्यांना एक विनंती. प्रवेशअर्ज भरण्याआधी जवळच्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी काढा आणि आठवडाभर तिथल्या वर्गात मागच्या बाकावर बसा. एका मुलाचा आराखडा कसा लिहितात, ते शिक्षकांकडून समजून घ्या, पगाराबद्दलही मोकळेपणानं विचारा. त्यानंतर मन घेत नसेल तर खुशाल दुसरी वाट धरा, त्यात कमीपणा नाही. आणि मन घेत असेल, तर घरच्यांना कामाचं पुण्य सांगत बसू नका. त्या आठवड्यात जे पाहिलंत, ते सांगा.