पार्किन्सन्सची चाहूल डोळ्यांत
(सुरतेतील मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुरतेत डोळ्यांवर पोट चालतं. वराछ्यात हिरे घासायच्या घंटीवर बसलेला कारागीर आयग्लास लावून हिऱ्याचा पैलू पाहतो. उधना-लिंबायतमध्ये आपला खानदेशी माणूस लूमवरचा तुटका धागा नजरेनंच हेरतो. म्हणून नजरेची तक्रार आली की पाय आधी चष्म्याच्या दुकानाकडे वळतात. नंबर बदलतो, तरी वाचताना अक्षरं दोन-दोन दिसतात, डोळे कोरडे पडतात. मग आणखी एक चष्मा. साठीच्या आसपास असं वरचेवर होऊ लागलं, तर चष्म्याच्या पलीकडेही पाहायला हवं. कधी कधी त्यामागे पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असू शकतो.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या कंपवाताचं वर्णन केलं, ते अवघ्या सहा माणसांवरून. त्यांतली काही तर त्यांनी नुसती रस्त्यात पाहिलेली. मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. हात थरथरू लागतो तोवर त्यांतल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. आजार उशिरा कळतो, हे खरं दुखणं.

इथे डोळा कामी येतो. गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूच्याच भागातून घडतो, आणि त्या पडद्यातही डोपामिनच्या पेशी असतात. कवटी न उघडता दिसणारा मेंदूचा हा एकमेव भाग. मधुमेहींपैकी अनेकांनी ओसीटी, म्हणजे या पडद्याची तपासणी, केलेली असेल. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे पाहायचं, काही सेकंदांत पडद्याचे थर स्क्रीनवर उमटतात. त्यांची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजली जाते. २०२३ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातल्या संशोधकांनी दीड लाखाहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. पार्किन्सन्स झालेल्यांच्या पडद्याचे आतले दोन थर पातळ आढळले, आणि निदानाच्या सरासरी सात वर्षं आधीच्या स्कॅनमध्येही काही खुणा होत्या. सात वर्षं! पेशी वाचवणारं औषध उद्या हाती आलं, तर ते द्यायला इतका अवधी मिळेल.

डोळ्यांच्या हालचालींवरून तर यंत्राशिवायही बरंच कळतं. डॉक्टर एका बाजूला बोट आणि दुसऱ्या बाजूला मूठ धरतात आणि आलटून पालटून पाहायला सांगतात. निरोगी डोळा एका झेपेत पोहोचतो. या आजारात ती झेप बऱ्याचदा तोकडी पडते, आणि डोळा दोन-तीन लहान उड्या घेत बोटापर्यंत जातो. पापण्यांची उघडझापही मंदावते. चेहरा थिजल्यासारखा दिसतो आणि घरचे म्हणतात, ‘बाबा हल्ली टक लावून बघतात.’ या आजारावरच्या गोळ्या लागू पडल्यावर ही उघडझाप पुष्कळदा वाढते. म्हणून आजाराचा माग ठेवायलाही डोळा उपयोगी पडेल, अशी संशोधकांना आशा आहे.

पण कुणी ओसीटी काढून ‘तुम्हाला पार्किन्सन्स होणार’ असं सांगू लागलं, तर त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. पडदा काचबिंदूनं पातळ होतो, मधुमेहानं होतो, वयानंही होतो. हजारो लोकांच्या सरासरीत दिसलेला फरक एका माणसाचं निदान करू शकत नाही. निदान आजही न्यूरॉलॉजिस्टच रुग्णाला तपासून करतो.

तेव्हा या आजाराच्या लवकरच्या खुणांसाठी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे नीट पाहा. वास येईनासा झालाय का, झोपेत हातपाय झाडतात का, बद्धकोष्ठता जुनी आहे का, अक्षर बारीक होत चाललंय का, पापण्या कमी लवतात का? यातलं एखादंच असेल तर घाबरू नका. दोन-तीन गोष्टी जुळल्या तर मोबाइलवर चालण्या-बोलण्याचा छोटा व्हिडिओ घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. डोळ्यांचे जुने रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा. आणि आजार निघालाच, तर एकटे राहू नका. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतं. त्यांच्याशी मराठीतून बोलता येतं, जरूर बोला.