घरांतला मेंढपाळ

सोलापूर शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्त्याच्या अंगाला, जुळे सोलापूर ही नवी वस्ती उभी राहिली. तेथील घरांतून आज शिक्षक, वकील, सरकारी नोकर राहतात. त्यांतील एखाद्या धनगराच्या घरीं पेटीच्या तळाशीं एक काळें घोंगडें जपून ठेवलेलें असतें. तें आजोबांचें, एवढें नातवंडांस ठाऊक असतें. आजोबा काय करीत, असें विचारलें तर उत्तर येतें, "मेंढरें राखीत." उत्तर खोटें नव्हे, पण फार तोकडें आहे.

सोलापूरच्या बाजूस पाऊस बेताचा, तोही लहरी. दिवाळीच्या सुमारास माळावरचें गवत वाळूं लागलें, कीं मेंढपाळाचा वाडा बाहेर पडे. हा वाडा चिरेबंदी नव्हे. चार-दोन कुटुंबें, त्यांचीं मेंढरें, घोडीं आणि कुत्रीं मिळून झालेला तो चालता संसार. रात्रीं एखाद्या शेतांत वाघर लावून, म्हणजे जाळ्याचें कुंपण करून, मेंढरें बसवावयाचीं. शेताला लेंडीखत मिळे, मेंढपाळाला धान्य. कोणाच्या शेतांत किती रात्री, पाणी कोणत्या विहिरीचें, उभ्या ज्वारीपासून कळप कोणत्या वाटेनें दूर न्यावयाचा, हें सारें तोंडीच ठरे. लांडग्याच्या भयानें झोप सावध. शेंदोनशें मेंढ्यांतून आपली प्रत्येक मेंढी तो तोंडावरून ओळखी. या माणसाला निरक्षर म्हणून मोकळें होणें सोपें आहे.

आणि आजी? घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामीं जाणें, तीन दगडांची चूल मांडणें, चालूं न शकणारीं कोकरें सांभाळणें, हीं कामें तिचीं. तिला वगळून आजोबांच्या कष्टांचा हिशेब मांडणें म्हणजे वहीचीं अर्धीं पानें फाडून टाकणें होय.

पेटींतलें घोंगडेंही याच श्रमांतून आलेलें. दख्खनी मेंढीची लोकर आंखूड व राठ. ती कातरून, पिंजून सूत काढावयाचें. मग सणगर तें मागावर विणी व चिंचोक्याची खळ देई. पावसांत तीच खोळ, रात्रीं तेंच अंथरूण-पांघरूण.

१९७२ च्या दुष्काळानें चारा-पाणी दोन्ही तोडलें. मेंढरें गमावलेलीं कुटुंबें खडी फोडावयास गेलीं. ज्यांचीं थोडीं उरलीं, त्यांनीं तीं पुन्हां वाढविलीं आणि मुलांच्या शिक्षणासाठीं एकेक करून विकलीं. मुलगा नोकरीस लागला तों कळप संपलेला असे. शहरांतलें घर उभें राहिलें तें या विक्रीवर. आणि त्याच घरांत पाहुण्यांसमोर आजोबांचा धंदा सांगतांना आवाज खालीं येतो!

असे आजोबा ज्यांच्या घरीं अजून आहेत, त्यांनीं त्यांना वाटेवरचीं गांवें क्रमानें विचारावीं. विहिरींच्या खुणांसकट तीं सांगण्यांत त्यांची सारी संध्याकाळ जाते.