टंचाईचा काळ आणि गावचा कारभारी

पाणीटंचाई आली की गावच्या कारभाऱ्याची खरी कसोटी लागते. अंदाजपत्रक बिनचूक हवं, सगळा गाव राजी हवा, निधी पुरता हवा, असं म्हणत बसलं तर पावसाळा दारात येऊन उभा राहतो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात 2018 साली जिल्हा प्रशासन आणि भारतीय जैन संघटना यांनी तलावांतला गाळ काढण्याची मोठी मोहीम हाती घेतली. यंत्रं संघटनेची, इंधन सरकारचं आणि गाळ शेतात नेण्याचा खर्च शेतकऱ्यांचा. महामार्गांच्या भरावासाठीही तलाव-नाल्यांतली माती, मुरूम वापरला गेला. रस्त्याला भराव मिळाला, तलाव खोल झाले. हाच 'बुलडाणा पॅटर्न'. इथे सगळं कुणा एकाच्या हाती नव्हतं. ज्याला जे जमलं, ते त्यानं केलं.

सरपंच मंडळी, बचत गटाच्या ताई, अडचणीच्या काळात कामांची आधी विभागणी करा. जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे तडजोड नको. तलावाच्या बांधालगत खोदाई नको, पिण्याच्या पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकण्यात हयगय नको, हिशेबात लपवाछपवी तर नकोच. फलक, रंगरंगोटी, उद्घाटन मात्र मागाहून झालं तरी चालेल. जबाबदाऱ्या वाटून द्या, दर आठवड्याला आढावा घ्या. काही चुकलं तर ग्रामसभेत सांगा आणि लगेच दुरुस्त करा.

सगळं मनासारखं जुळून येण्याची वाट पाहू नका. यंदा एक तलाव निवडा आणि पावसाआधी काम सुरू करा.