गोंगूरा आणि आपली अंबाडी

(मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरीच घराणी मराठवाड्यातून इथे हैदराबादेत आली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपली बिऱ्हाडं मात्र इथेच राहिली. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर तेलुगू स्वयंपाकघरातलं आपल्याला काय माहीत? पेसरट्टू, आणि दुकानातली गोंगूऱ्याच्या लोणच्याची बरणी. माझीही धाव तिथवरच होती.

माझी एक मैत्रीण वरंगलकडची. गेल्या श्रावणात तिच्या आईनं, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, रात्री जेवायला बोलावलं. पानात आधी आली सर्वपिंडी. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, तीळ, कांदा, कढीपत्ता घालायचा; ते पीठ गोल बुडाच्या पातेल्यात आतून थापायचं, बोटानं भोकं पाडून तेल सोडायचं, वर झाकण. आपल्या थालीपिठाची बहीणच म्हणा. पण दुसरी थापायची तर पातेलं गार व्हायला हवं, म्हणून अम्मा दोन पातेली आलटून पालटून वापरत होत्या. आम्ही सहा जण जेवणारे!

मग भातावर पच्ची पुलुसू. चिंचेचा कोळ, पण तो उकळायचाच नाही. भाजलेली मिरची आणि कच्चा कांदा हातानं त्यात कुस्करायचा, वर फोडणी, झालं.

मी थांबले ती गोंगूरा पप्पूपाशी. पहिल्याच घासाला चव ओळखीची वाटली. म्हटलं, "अम्मा, पाला दाखवता का?" त्यांनी उरलेली जुडी आणली, लाल देठांची. अहो, ती अंबाडी होती! परभणीला आमची आजी ज्वारीच्या कण्या घालून अंबाडी करायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी. आजी गेली आणि आमच्या घरातून ती भाजीही गेली. गंमत बघा, हैदराबादचे आपले मुसलमान शेजारी या पाल्याला अजून अंबाडाच म्हणतात, गोश्तात घालतात. आपल्या मुलांना मात्र हा शब्दही ठाऊक नाही.

करण्याची रीत वेगळी. आजी पाला उकडून पिळायची, आंबट पाणी टाकून द्यायची, वर गूळ. हे सांगितल्यावर अम्मा हसायलाच लागल्या. "अगं, आंबटपणासाठीच तर गोंगूरा आणायचा!" त्या पाला हिरव्या मिरच्यांबरोबर नुसता तेलावर परततात, तो आपोआप लगदा होतो, मग शिजलेल्या तूरडाळीत जातो. तोंडी लावायला कच्चा कांदा. माझं मत विचाराल तर डाळीत अम्मांची रीत सरस, कण्यांत आजीची.

अम्मा आता ऐंशीच्या पुढच्या. मैत्रिणीची नोकरी बँकेतली, तिला सर्वपिंडी थापता येत नाही. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघी अम्मांपुढे बसतो. त्या चिमटीनं आणि मुठीनं माप सांगतात, आम्ही ते वाटी-चमच्यानं मोजतो. मी मराठीत लिहिते, ती तेलुगूत. वहीत एकवीस पदार्थ झालेत.

आजीच्या अंबाडीचं पान मात्र कोरं आहे. कण्या आधी शिजवायच्या की पाल्याबरोबर? मूठभर पाल्याला कण्या किती? घरात सांगणारं कुणी उरलं नाही. या सभागृहात परभणी-नांदेडकडच्या काकू-मावश्या बऱ्याच दिसताहेत. चहाच्या वेळी मी वही घेऊन दाराशी उभी राहते.